परलोकातली वेठ

इजिप्तच्या थडग्यांमधलं सोनं जगाने डोळे भरून पाहिलं. मला मात्र तिथली वीतभर उंचीची शब्ती जास्त बोलकी वाटते. ममीसारखं गुंडाळलेलं अंग, छातीवर दुमडलेले हात, दोन्ही हातांत कुदळी आणि पाठीवर बियाण्याची पिशवी. देवाची नव्हे, राबणाऱ्या माणसाची ही मूर्ती.

मेल्यावर मृतांचा देव ओसायरिस याच्या राज्यात लव्हाळ्यांचं शेत मिळतं, अशी श्रद्धा होती. पण शेत म्हटलं की पेरणी आली, पाणी देणं आलं. फॅरोच्या राज्यात कालव्यांच्या आणि बांधांच्या कामावर माणसं वेठीला धरली जात. ती वेठ परलोकातही चुकत नाही, असं लोक धरून चालले होते. म्हणून ‘मृतांच्या ग्रंथा’तला 6वा मंत्र शब्तीच्या अंगावर लिहीत: पेरणीसाठी, पाण्यासाठी, वाळू नावेतून वाहून नेण्यासाठी मृताच्या नावाने हाक आली, तर ओ शब्तीने द्यायची.

आरंभी एखाददुसरी शब्ती पुरे. ती मृताचीच प्रतिमा असे, त्याचंच नाव ल्यालेली. पुढे संख्या वाढली आणि मालकाचं प्रतिरूप हळूहळू त्याचा गडी बनलं. हा बदल मला फार अस्वस्थ करतो. तुतनखामूनजवळ 413 शब्ती होत्या: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असे 365 कामकरी, दहा-दहांच्या टोळ्यांवर 36 मुकादम आणि महिन्यागणिक एक असे आणखी 12. नंतरच्या काळात मुकादमाच्या हाती चाबूकही दिसतो.

राजांच्या काही शब्ती लाकडाच्या किंवा दगडाच्या असत; पण ढिगाने घडल्या त्या फायन्सच्या. फायन्स म्हणजे नेहमीची कुंभारमाती नव्हे. गारगोटीची पूड किंवा वाळू, थोडा चुना, नॅट्रॉन हा नैसर्गिक क्षार किंवा वनस्पतींची राख आणि रंगासाठी तांबं. हा चिकटपणा नसलेला लगदा मातीच्या उघड्या साच्यात दाबायचा. वाळताना आतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत वितळून त्यांचीच चकाकी होते. वेगळी झिलई चढवावी लागत नाही. 1881 मध्ये देर अल-बहरीच्या गुप्त साठ्यात सापडलेल्या महापुरोहित पिनेजेमच्या शब्तींचा गडद निळा रंग असाच भट्टीत उमललेला आहे.

हा धंदा कसा चाले, ते ब्रिटिश म्युझियममधल्या बाविसाव्या राजवंशातल्या एका पपायरसवरून कळतं. ते चक्क विक्रीपत्र आहे. आमून देवाच्या मंदिरातला कारागीर पादिखोन्सू 365 शब्ती आणि 36 मुकादम, एकूण 401, एका पुरोहिताला त्याच्या वडिलांसाठी विकतो आणि चांदीत पूर्ण मोल पोचल्याचं लिहून देतो. कागदात त्या मूर्तींना दास-दासी म्हटलं आहे. पुढे कारागीर थेट त्यांनाच बजावतो की तुमचं मोल मला मिळालं आहे, तेव्हा या मृताच्या कामाला लगोलग निघा.