साठीनंतर आखूड केस : दोह्यातल्या घरांत फिरणारे गैरसमज

दोह्यात लेकाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहायला आलेल्या बाईला केसांबद्दल सल्ले देणाऱ्यांची वाण नसते. सून म्हणते, "आई, कापून टाका ना, किती सुटसुटीत वाटेल!" पुण्याहून बहीण फोनवर म्हणते, "या वयात कसली गं ही थेरं?" शेजारीण घरी उकळलेल्या तेलाची बाटली आणून देते. सगळ्यांची मतं ठाम असतात आणि त्यातली निम्मीअधिक चुकीची असतात. डोकं जिचं, तिला खरी माहिती मिळावी आणि निर्णय तिनेच घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

"इथल्या पाण्यानेच केस गेले, आता कापण्यावाचून इलाज नाही"

आखूड केसांचा विषय बहुतेक घरांत इथूनच निघतो. कतारमध्ये एकही नदी नाही. नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं असतं. रास अबू फोंतास, उम्म अल होल अशा प्रकल्पांत त्यातलं मीठ काढतात, पिण्याला लागणारे क्षार पुन्हा घालतात, निर्जंतुक करतात आणि मग ते घरोघर पोचतं. म्हणजे "खारं पाणी डोक्यावर पडतं" हा समज चुकीचा आहे. गावाकडच्या बोअरवेलचं पाणी याहून कितीतरी जड असतं.

त्रास होतो तो पाण्याच्या तापण्याने. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार नळालाही हात लावावासा वाटत नाही. म्हणून इथली जुनी मंडळी उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि घरातल्या सावलीत निवलेलं गीझरमधलंच पाणी गार म्हणून वापरतात. नव्याने आलेल्या आईला ही युक्ती कोणी सांगत नाही. ती चटका बसणाऱ्या पाण्याने डोकं धुते, मग दिवसभर एसीच्या कोरड्या हवेत बसते. केस राठ होतात, मध्येच तुटतात. पण तुटणं वेगळं आणि मुळापासून गळणं वेगळं. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीकसा पांढरट गोळा असतो, तुटलेल्याला नसतो. न्हाणीच्या जाळीतून चार केस उचलून उजेडात धरले की फरक कळतो.

मुळापासून गळत असतील तर पाण्याला दोष देण्याआधी तीन महिने मागे जावं. मोठा ताप, शस्त्रक्रिया, घरातला मृत्यू, जेवण तुटणं यांचा परिणाम केसांवर लगेच दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी दिसतो. नवरा गेल्यावर मुलाने आईला इकडे आणलं आणि इथे आल्यावर मूठमूठ केस येऊ लागले, तर दोहा हा फक्त पत्ता आहे, कारण तिकडेच घडून गेलेलं असतं. अशी गळती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबते. भांग मात्र वर्षानुवर्षं हळूहळू रुंद होत असेल, तर तो वयाचा, आनुवंशिकतेचा आणि पाळी गेल्यानंतरच्या बदलांचा परिणाम असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू केले तर उपयोगी पडतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्यावा. ड जीवनसत्त्वही तपासावं, कारण आखातात ऊन रग्गड असलं तरी माणसं त्या उन्हापासून पळून घरातच बसतात. कात्री यातलं काहीच बरं करत नाही.

"कापले की दाट येतात"

हा समज आजीच्या आजीपासून चालत आला आहे. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं आणि बाहेरचा केस निर्जीव असतो. टोकाला काय झालं याची खबर मुळाला लागत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत की वाढीचा वेग बदलत नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, कापा किंवा न कापा.

दाट *दिसतात*, हे मात्र खरं. लांब पातळ वेणीच्या टोकाला जेमतेम दहा-पंधरा केस पोचलेले असतात. ती टोकं गेली की उरलेल्या केसांची कड भरीव दिसते, आणि ओझं कमी झाल्याने मुळाशी केस थोडे उचलले जातात. म्हणून विरळ केसांना एका रेषेत कापलेला, हनुवटीच्या आसपास येणारा बॉब चांगला दिसतो. पार्लरमध्ये हौसेने दातेरी कात्री चालवून "हलके" केले जातात, ते अशा केसांना मारक आहे. आधीच हलके असलेले केस आणखी हलके केल्याने टोकं झिरझिरीत होतात. दातेरी कात्री आणि ब्लेड नको, एवढं स्पष्ट सांगावं.

"चेहरा गोल आहे, म्हणून आखूड नको"

गोल, लांबट, चौकोनी, बदामी असे चार साचे आणि प्रत्येकाला एकेक कट, असली कोष्टकं मासिकांनी इतकी छापली की तोच नियम वाटू लागला. माझं मत स्पष्ट आहे : पासष्टीच्या बाईने चेहऱ्याचा आकार सगळ्यात शेवटी बघावा. आधी केसांचा पोत, मग चष्मा, मान आणि खांदा.

पोत हाताने बघायचा असतो. केस ओले असताना ताणले जातात आणि वाळल्यावर वर सरकतात. ज्यांचे कुरळे किंवा लाटेसारखे आहेत त्यांचे तर चांगली दोन बोटं वर जातात. कानाच्या पाळीपर्यंत मागितलेला बॉब घरी येऊन वाळल्यावर कानाच्या मध्यावर का आला, याचं उत्तर हेच. अशा केसांना लांबी ठरवताना ते कोरडेच बघायला लावावेत. मानेवर, केस संपतात तिथे, खूप जणींचे केस एका बाजूला वळतात किंवा चक्क वर उगवतात. ते आरशात कधी दिसत नाही, कारण आयुष्यभर त्यावर अंबाडा बसलेला असतो. तो भोवरा जोरदार असेल तर मानेवर बारीक कापलेला बॉय कट रोज सकाळी उभा राहील. तिथे थोडी लांबी ठेवली की केस स्वतःच्या वजनाने बसतात.

चष्म्याची काडी कानशिलावरचे केस बाहेर ढकलते. श्रवणयंत्र कानामागे बसतं. म्हणून कापताना चष्मा उतरवला तरी लांबी ठरवताना तो घातलेला हवा आणि यंत्राची गोष्ट आधीच सांगितलेली हवी. हाडं ठिसूळ होऊन पाठीला पोक आलं असेल, तर मागून फार बारीक कापल्याने ते जास्त नजरेत येतं. मानेपर्यंत मऊ उतरत आलेली कड बरी दिसते. आणि पुढे झुलपं घ्यावीत का? 'लव्ह इन सिमला' हा चित्रपट १९६० साली आला तेव्हा अभिनेत्री साधनाचं कपाळ मोठं दिसू नये म्हणून झुलपं कापली गेली आणि देशभर 'साधना कट'ची लाट आली. आज सत्तरीत असलेल्या बायकांनी त्या लाटेत लहानपण काढलं. त्यामागची युक्ती आजही चालते : कपाळावरच्या आठ्या आणि मागे सरकलेली केसांची रेषा दोन्ही झाकली जातात. फक्त टाळूवरचे केस आधीच विरळ असतील तर तिथूनच ओढून झुलपं काढू नयेत, नाहीतर मागे टाळू उघडी पडते.

खांद्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. हात डोक्यामागे जात नाही, वेणी घालायला सुनेची वाट बघावी लागते, आणि तोंडाने ती बाई कधी म्हणत नाही की मला हे बोचतं. आखूड केस तिचं रोजचं परावलंबन संपवतात. पण जो कट रोज ब्लो ड्रायर आणि गोल ब्रशने बसवावा लागतो, तो तिच्यासाठी निरुपयोगीच. एका हाताने, कंगवा दोनदा फिरवून बसतो का, एवढी एकच कसोटी लावावी.

"आपल्यात हे शोभत नाही"

या वाक्यामागे दुखरा इतिहास आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. महाराष्ट्रात, विशेषतः ब्राह्मण घरांत, विधवेचं केशवपन केलं जाई. १८९० च्या सुमारास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी हे काम न करण्याचा निर्धार केला. ती प्रथा गेली, पण बाईचे कमी केस म्हणजे काहीतरी अशुभ, ही भीती मनात राहिली. नवरा गेल्यावर केस कापायला तयार न होणाऱ्या आईला म्हणूनच हट्टी म्हणू नये.

पण त्याच काळात समाजसुधारक पंडिता रमाबाई स्वतः आखूड केस ठेवून वावरत होत्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. तेव्हा आखूड केस ही काल-परवा परदेशातून आलेली टूम आहे, हे खरं नाही. फरक इतकाच की केशवपनात दुसऱ्यांनी कापले आणि इथे बाईने स्वतः ठरवलं.

"कतारमध्ये तर डोकं झाकावंच लागतं, मग कट कोण बघणार?" असंही विचारतात. मुस्लिमेतर बायकांना इथे डोकं झाकण्याची सक्ती नाही. खांदे आणि गुडघे झाकणारा साधा पेहराव अपेक्षित असतो. मशीद बघायला गेलात तर डोक्यावर ओढणी घ्यायची. उलट इथल्या लेडीज सलूनमध्ये पुरुषांना प्रवेश नसतो आणि काचांना पडदे असतात. गावाकडे युनिसेक्स पार्लरच्या दारातूनच परतलेली बाई इथे पदर बाजूला ठेवून निवांत बसते.

गजऱ्याची काळजी मात्र खरी आहे. बॉय कटमध्ये गजरा टिकत नाही. हळदीकुंकवाला, गणपतीला तो हवाच असेल तर हनुवटीपर्यंतचा बॉब ठेवावा. कानामागे केस घेऊन दोन काळ्या पिना उलटसुलट लावल्या की छोटा गजरा नीट बसतो.

रंग, तेल आणि देखभाल

आखूड केसांना रंग कमी वेळा लागतो, ही समजूत उलटी आहे. पाच सेंटिमीटरच्या केसांत एक सेंटिमीटर पांढरं मूळ लगेच डोळ्यात भरतं. शिवाय काळाभोर रंग आणि मध्ये फिकी टाळू, यामुळे विरळपणा वाढलेला दिसतो. ज्यांना रंग सोडायचा आहे त्यांच्यासाठी आखूड कट हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, चार-पाच महिन्यांत रंगवलेलं सगळं निघून जातं. रंगवायचाच असेल तर ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लावून बघावा. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'त बहुधा पीपीडी हे रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी वाईट असते. खरी मेंदी काळा रंग देतच नाही.

तेलाबाबत आजी बरोबर होत्या. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसात शिरून प्रथिनांची झीज कमी करतं, असं दिसलं. मात्र नवा केस ते उगवत नाही. आखूड, पातळ केसांना चमचाभर पुरतं, तेही धुण्याच्या आदल्या रात्री. थापून ठेवलं तर केस डोक्याला चिकटतात आणि कटाचा आकारच जातो.

देखभाल लागत नाही, हेही अर्धंच खरं. बॉय कट पाच-सहा आठवड्यांत मानेवर विस्कटतो, बॉब दोन-अडीच महिने तग धरतो. तेव्हा परतायच्या आठवड्यात पहिल्यांदा कापून घेऊ नये. दोह्याला आल्यावर लवकर कापावेत, म्हणजे चुकलेलं इथेच दुरुस्त करून घेता येतं. कापणारी फिलिपिनो असो की मोरोक्कन, 'शॉर्ट' या शब्दावर विसंबू नये. लांबी बोटाने कानावर, मानेवर दाखवावी. आणि सलूनमधल्या आरशासमोर फोटो काढून उपयोग नाही. घरी स्वतः डोकं धुऊन, स्वतः विंचरल्यावर, तिसऱ्या दिवशी समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. पुढचा कट सांगलीत किंवा ठाण्यात करायचा असेल तेव्हा मागचा फोटोच सगळ्यात जास्त कामी येतो.