खाऱ्या वाऱ्यातली गॅसची टाकी

तारापूरच्या ज्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ साली देशाला पहिली अणुवीज दिली, त्या पाणी उकळून वाफ करणाऱ्या जातीच्या आहेत. अशा भट्टीच्या पोलादी पात्रात हवेच्या दाबाच्या साधारण ७० पट दाब असतो. केळवे रोड स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या सीएनजी रिक्षाची टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर तिच्यात तो २०० पट असतो. म्हणजे टाकीच्या आतल्या भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलोचा भार.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. ही टाकी बहुधा गाडीतला सर्वांत दणकट भाग असतो. जाड पोलादाची, कुठेही जोड नसलेली. तिच्या तोंडाशी उष्णतेने वितळणारी एक धातूची गुडदी असते. गाडीला आग लागली तर ती वितळते आणि टाकी फुटण्याआधीच गॅसला वाट मिळते. शिवाय हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा. उघड्यावर गळला तर वर निघून जातो.

समुद्रकाठच्या केळव्यात काळजी आहे ती वाऱ्याची. सुरूच्या बनातून येणारा वारा मिठाचे बारीक कण आणतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि त्यातला क्लोराइड पोलादावर सगळीकडे सारखा गंज चढवत नाही. एकेका ठिपक्यात खोल खड्डा पाडतो. टाकी ज्या पट्ट्याने आवळलेली असते, त्याच्या रबराखाली ओल साचते आणि तिथला रंग खरवडला गेला तरी बाहेरून दिसत नाही. दाबाखालच्या पोलादात असा खड्डा असला की ताण नेमका त्याच्या तळाशी एकवटतो. टाकी रोज रिकामी होते, रोज भरते. ताण रोज चढतो, रोज उतरतो.

यासाठीच दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट सक्तीची आहे. टाकी गाडीतून उतरवतात, आतून-बाहेरून तपासतात, तिचे वजन करतात. मग तिच्यात पाणी भरून दाब नेहमीच्या दाबाच्या १ पूर्णांक २ तृतीयांश पट, म्हणजे सुमारे ३३४ बारपर्यंत नेतात. पाणीच का? पाणी दाबाने फारसे आकसत नाही, त्यामुळे त्यात गॅससारखी ऊर्जा साठत नाही. टाकी फाटलीच तर स्फोट होत नाही. दाब काढल्यावर टाकी किती फुगलेली राहिली, हे मोजतात. मूळ वजनात ५ टक्क्यांहून जास्त घट झाली असेल, तर ती टाकी चपटी करून नष्टच करायची, असा नियम आहे. हे नियम २०१६चे, आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

पुढची टेस्ट कधी, ते गाडीवरच्या छोट्या पाटीवर लिहिलेले असते. तारीख उलटून गेली असेल तर पंपावर गॅस भरायचा नाही. पंपावर सगळ्यांना खाली उतरवतात, त्यालाही अर्थ आहे. भरताना गॅस दाबला जाऊन तापतो, टाकीवरचा ताण झपाट्याने वाढतो. काही बिघडायचेच असेल तर त्याची शक्यता याच मिनिटांत अधिक. पाऊस असला, कडेवर मूल असले, तरी उतरलेच पाहिजे.

खरा राग येतो तो घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरण्याच्या प्रकाराचा. गाडीत एलपीजी वापरायला २००० सालच्या कायदादुरुस्तीने परवानगी आहे, पण ती गाडीसाठीच बनवलेल्या टाकीला. ती ८० टक्के भरली की तिचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. द्रवरूप गॅस उन्हात प्रसरण पावतो, त्याला ही मोकळी जागा लागते. ती उरली नाही, तर वाळूवर उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दाब भराभर चढतो. पंप लावून घरच्या सिलिंडरमधून भरताना ही मर्यादा पाळली जाईल याची खात्री काय? त्यातून एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की सीटखाली साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्के झाले तरी ठिणगी पुरते. १९९९च्या जानेवारीत फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या व्हेनिस्यू शहरात पेटवून दिलेल्या गाडीची एलपीजी टाकी फुटली आणि आग विझवायला गेलेले जवान गंभीर जखमी झाले. त्या टाकीला दाब सोडणारा व्हॉल्व्ह नव्हता. त्यानंतर तो तिथे सक्तीचा झाला. गाडीत आडवा टाकलेला स्वयंपाकघरातला सिलिंडर हे सगळे धडे धाब्यावर बसवतो.

बाहेरून गॅसचे किट बसवायचे, तर ते मान्यताप्राप्तच हवे. अशा किटची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या वाहन-चाचणी संस्था करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी घ्यायची, बदल केल्यावर १४ दिवसांत कळवायचे आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. डिकीत टाकी असेल तर व्हॉल्व्हभोवती हवाबंद आवरण आणि गळलेला गॅस गाडीबाहेर सोडणारी नळी असायलाच हवी. बोईसरला शाळेच्या व्हॅनमध्ये किंवा एमआयडीसीच्या इको गाडीमध्ये बसणाऱ्यांनी चालकदादांकडे आरसी बिनधास्त मागावी. इंधनाच्या रकान्यात नुसते ‘पेट्रोल’ आणि मागे टाकी दिसली, तर मुलांना त्या गाडीत बसवू नये.