छतावरचं सोलर आणि खांबावरचा वायरमन

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं... अं...' काढलेत.

विषय निघाला मार्गासनीवरून. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना राजगडासाठी आपण जिथून गुंजवण्याकडे वळतो, ते मार्गासनी. तिथे माझे मामा राहतात. त्यांनी तीन किलोवॅट सोलरची दोन कोटेशनं व्हॉट्सअॅपवर पाठवली. खाली एकच ओळ : "स्वस्तातलं घेऊ ना?"

सबसिडीचं गणित त्यांना पाठ होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. हे सगळ्यांनाच माहीत असतं. कोटेशनचं दुसरं पान मात्र कोणी वाचत नाही, आणि खरा मामला तिथेच असतो.

आधी मामांचा प्रश्न घेऊ, कारण तो तुम्हालाही पडेल. मी म्हटलं, महावितरणची लाइट गेली की हे सोलरही बंद होणार. मामा उखडलेच. "आरं, मग पैसं घालून पावसाळ्यात अंधारातच बसायचं व्हय?"

ऐका. लाइट गेली की वायरमन खांबावर चढतो. तार मेलेली आहे असं धरून तो काम करणार. त्याच वेळी ढग बाजूला झाले आणि तुमच्या छतावरची वीज मीटरमधून उलटी तारेत गेली तर? ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. घरातले 230 व्होल्ट पलीकडच्या लाइनवर हजारोंत जातात. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांत स्पष्ट आहे : ग्रिड गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत वीज सोडणं थांबवायचं. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. अंधार नको असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. तोही ग्रिडपासून तुटतो, पण घराला वीज देत राहतो. खर्च अर्थातच वाढतो.

आता डीसी. 540 वॅटची सहा पॅनल एकामागे एक जोडली की छतावरून खाली येतात जवळपास 300 व्होल्ट. तेही डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला मदत होते. डीसी कधी शून्यावर येतच नाही. ठिणगी धरली की धरली, वेल्डिंगसारखी जळत राहते. म्हणून डीसी बाजूला डीसीचाच एमसीबी लागतो. घरातला साधा एमसीबी तिथे बसवणं म्हणजे आगीला जागा करून देणं. वायरही सोलरचीच हवी. साधी पीव्हीसी वायर उन्हात तडकते, आणि पत्र्यावर उंदीर-वानरं असतातच, तेव्हा ती पाइपातून घ्या.

स्वस्तातलं कोटेशन नेमकं कुठे स्वस्त होतं? अर्थिंगमध्ये! त्यात एकच खड्डा. दुसऱ्यात तीन : डीसीचा, एसीचा आणि वीजरोधकाचा वेगळा. एप्रिल-मे मधला वळीव ज्यांनी या डोंगरांत पाहिलाय, त्यांना तिसऱ्याचं महत्त्व सांगायला नको. वीज पडली तर ती इन्व्हर्टरच्या अर्थिंगमधून घरात घुसायला नको, सरळ जमिनीत जायला हवी. डीसी आणि एसी दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्टर हवा, तोही याचसाठी.

आणि आपल्याकडे कातळ. मुरुमात आणि खडकात अर्थिंग सहजासहजी लागत नाही. रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत हवा, आणि तो मीटर लावून मोजून दाखवायला सांगा. पावसाळ्यात ओल्या जमिनीत तो छानच दिसतो. मोजायचा असेल तर मे महिन्यात मोजा. आणखी एक बारीकशी गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते : पॅनलच्या ॲल्युमिनियम फ्रेमवरचा चकचकीत थर वीज नेत नाही. तो थर फोडणारा दातेरी वॉशर नसेल तर अर्थिंगची वायर नुसती लटकवलेली. काही रुपयांचा वॉशर, पण सगळं त्याच्यावर.

मामांनी महागातलं घेतलं. पटलं म्हणून की मी डोकं खाल्लं म्हणून, ते विचारलं नाही.

तुमच्याकडे नेट मीटर बसला की, माणसं निघून जायच्या आत एक करून घ्या. भर उन्हात त्यांनाच मेन स्विच पाडायला सांगा आणि इन्व्हर्टरच्या स्क्रीनकडे बघा. लगेच थांबला पाहिजे. स्विच वर केला की किमान मिनिटभर वाट बघून मग सुरू होतो. तो बिघाड नाही, नियमच तसा आहे. आणि इन्व्हर्टर थांबलेला असला तरी छतावरून येणाऱ्या लाल-काळ्या वायरींना हात लावू नका. ऊन आहे तोवर त्या जिवंतच असतात.