सेमाडोहचे पान आणि रिकाम्या चौकटी
मेळघाटातल्या सेमाडोहच्या पर्यटन संकुलाचे दर, आरक्षण, पावसाळ्यातल्या सूचना असे सगळे आता लोक वेबपानावरच पाहतात. पान बदलले की जुना मजकूर सहसा दिसत नाही, म्हणून पानाचे चित्र (स्क्रीनशॉट) वेळच्या वेळी, आपोआप टिपून ठेवावे. हे काम पैसे देऊन एखाद्या सेवेकडे सोपवावे की स्वतःच्या सर्व्हरवर करावे? पाने मोजकी आणि सार्वजनिक असतील तर माझ्या मते सेवाच बरी. २०१७ पासून क्रोम ब्राउझर पडद्याविना चालतो, त्याला कोडमधून चालवणारे पपेटिअर फुकट मिळते, त्यामुळे स्वतःची व्यवस्था स्वस्त वाटते. पण कोऱ्या लिनक्स सर्व्हरवर बहुधा देवनागरी फॉन्ट नसतो आणि चित्रात ‘सेमाडोह’च्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. नोटो सान्स देवनागरी बसवला की अक्षरे येतात. क्रोमची मेमरी, नव्या आवृत्त्या, अर्धवट उघडलेली पाने यांची राखण मात्र कायमची मागे लागते.

सेवाच बंद पडली तर, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चित्रे तिच्याकडे ठेवू नयेत, तारीख-वेळेसह आपल्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. लॉगिनमागचे पान, कुणाचा आधार क्रमांक असे काही असेल तर मात्र ते परक्या यंत्रातून जाऊच नये. तिथे खर्च सोसून स्वतःचा सर्व्हर हवा, आणि तोही जंगलातल्या गावात नव्हे, वीज आणि नेटवर्क अखंड असलेल्या डेटा सेंटरात.