लेक सायकल शर्यतीला निघाली तर

 

गटांच्या बैठकांत आम्हाला हल्ली एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. लेक सायकलवर शाळेला जाते, खेळाचे सर म्हणतात हिचे पाय चांगले आहेत, शर्यतीला पाठवा. शर्यत शनिवारी-रविवारी, परगावी. घरात दोन तट पडतात. पाठवायचं का, आणि तिथं नेमकं चालतं काय? आज त्याबद्दल बोलू.

सायकल शर्यत आपल्याकडे नवी नाही. गावच्या जत्रेत, जयंतीला शर्यती होतात; साध्या सायकलींचा गट वेगळा, गिअरवाल्यांचा वेगळा. मुंबई-पुणे शर्यत तर जुनी आणि नावाजलेली, तिच्यात बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पण जत्रेची शर्यत आपण बघतो ती रस्त्याच्या कडेला उभं राहून. सुर्रकन घोळका जातो आणि आपल्याला वाटतं, ज्याच्या पायात जास्त जोर तो जिंकणार. तसं नसतं. ही शर्यत निम्मी पायांची आणि निम्मी वाऱ्याची.

सायकल हळू चालवताना वारा जाणवत नाही. पण सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे गेलं की अंगातला बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. वेग दुप्पट केला तर हवेचा अडसर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून शर्यतीत सगळ्या एकमेकींच्या मागं चिकटून चालवतात. पुढची वारा फोडते, मागचीला आड मिळते. नीट आड घेतली तर मागचीचा पाव ते एकतृतीयांश जोर वाचतो. म्हणजे दोघींचा वेग तोच, पण एक घामाघूम आणि दुसरी गप्पा मारायच्या तब्येतीत.

आता सतत पुढं कोण राहणार? इथं आपली सावड आठवा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. शर्यतीतही चार-पाच जणी अशीच सावड करतात. एक जण मिनीटभर पुढं राहून वारा खाते, मग बाजूला होऊन शेवटी जाते, दुसरी पुढं येते. कुणी शिकवो न शिकवो, हा हिशेब आपल्याला कळतो. आणि सावडीत जशी एखादी अंगचोर निघते, तशी तिथंही निघते. पूर्ण वाट दुसरीच्या पाठीमागं बसायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला उसळून पुढं जायचं. नियमाविरुद्ध नाही बरं का. पण पुढच्या रविवारी तिला कुणी आड देत नाही.

या वाऱ्याच्या हिशेबावर ऑलिंपिकचं सुवर्णपदक कसं जिंकलं गेलं, ते सांगतो. २५ जुलै २०२१, रविवार, जपान. महिलांची रस्त्यावरची शर्यत, १३७ किलोमीटर. नेदरलँड्सच्या चौघी जगात नावाजलेल्या, पदक त्यांचंच असं सगळे धरून होते. ऑस्ट्रियाकडून एकटीच बाई उतरली होती, ॲना किझेनहोफर. वय ३०. ती गणिताची डॉक्टर, विद्यापीठात संशोधनाचं काम करायची. सायकलिंगचा कुठल्याही संघाचा पगार तिला नव्हता. सराव कसा करायचा, खायचं काय, हे तिचं तीच ठरवायची.

शर्यत सुटल्या सुटल्या ती पुढं निघाली. आणखी चौघी तिच्यासोबत आल्या. मागच्या मोठ्या घोळक्याला वाटलं, जाऊ देत, दमतील, मग धरू. या पाच जणी आळीपाळीनं वारा फोडत राहिल्या आणि बघता बघता दहा मिनिटांहून जास्त पुढं गेल्या. मागं मात्र सगळ्या एकमेकींकडं बघत बसल्या. मी कशाला दमू, तू ओढ. सामायिक बांधावरचं गवत जसं कुणीच काढत नाही, तशातली गत. शेवटचे चाळीसेक किलोमीटर उरले तेव्हा ॲना सोबतिणींनाही सोडून एकटी पुढं गेली आणि सव्वा मिनिटानं जिंकली. दुसरी आलेली अ‍ॅनमीक फान फ्ल्यूटन रेषा ओलांडताना हात उंचावत होती, कारण तिला वाटलं आपणच पहिल्या. ऑलिंपिकमध्ये कानात निरोप द्यायचं यंत्र लावायला परवानगी नसते, त्यामुळं पुढं अजून कुणी आहे हे तिला कळलंच नाही.

असो. ऑलिंपिक लांब आहे, आपण शनिवार-रविवारकडं येऊ.

दोन दिवसांची शर्यत असली तर पुष्कळदा शनिवारी एकेकीला सोडतात, मिनीट-मिनिटाच्या अंतरानं. तिथं कुणाची आड घ्यायची नाही, ज्याचा त्याचा वेळ मोजला जातो. रविवारी सगळ्या एकदम सुटतात. काही ठिकाणी दोन्ही दिवसांचे वेळ मिळवून नंबर काढतात. नवख्या मुलीसाठी शनिवारची शर्यत बरी, कारण घोळक्याची भीती नाही. घोळक्यात एक गोष्ट हाडात भिनलेली पाहिजे: आपलं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाला लागलं तर पडतो आपण, ती नाही. म्हणून नजर पुढच्या चाकावर खिळवायची नाही, तिच्या खांद्यांवरून पुढचा रस्ता बघायचा. ब्रेक एकदम दाबायचा नाही. खड्डा दिसला तर हातानं मागचीला दाखवायचा. हा सराव गावातल्या दोघी-तिघींनी मिळून, मोकळ्या रस्त्यावर, सकाळी उजेड झाल्यावर करावा. ऊस चालू असताना कारखान्याच्या वाटेवर मात्र नकोच.

सायकलीचा खर्च हा खरा अडसर आहे, ते आम्ही नाकारत नाही. चांगली रेसिंगची सायकल घ्यायची तर दुभत्या म्हशीच्या किमतीशी गाठ पडते. पण पहिली शर्यत साध्या गटात साध्या सायकलवर होऊ शकते. चेन साफ करून तेल, टायरमध्ये भरपूर हवा, ब्रेकचे रबर नवे, आणि सीट योग्य उंचीवर. पायडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडं धाकट्या बहिणीची सोय म्हणून सीट खालीच ठेवलेली असते, त्यानं गुडघे दुखतात.

आता खाण्याचं. दीड-दोन तास जोरात सायकल मारली की अंगातली साठवलेली साखर संपत येते. मग डोळ्यांपुढं अंधारी, पाय रिकामे. म्हणून लांबच्या शर्यतीत भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं. केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, आणि बाटलीत साखर-मीठ-लिंबाचं पाणी. महागडी पाकिटं लागत नाहीत. उपवास मात्र त्या दिवशी नको. देवाला कळतं, तिच्या आजीला आपण समजावू.

याहून मोठी गोष्ट रक्ताची. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे, आणि आपल्या पोरीही त्यात आल्या. रक्तातलं हिमोग्लोबिनच प्राणवायू पायांपर्यंत नेतं. ते कमी असलं तर पोरगी घाटात मागं पडते आणि आपण म्हणतो, दम नाही. शर्यतीच्या आधी दवाखान्यात तपासून घ्या. बारापेक्षा कमी आलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या, जंताचं औषध, आणि ताटात भाकरीबरोबर पालेभाजी, डाळ, वर लिंबू. जेवणानंतर लगेच चहा नको. पाळीत शर्यत करायला हरकत नाही, त्रास होत नसेल तर. पण सराव वाढवल्यावर लागोपाठ दोन-तीन महिने पाळी आलीच नाही, तर ते ‘बरं झालं’ म्हणून सोडू नका. पोटाला कमी पडतंय याची ती खूण असू शकते, हाडांवर परिणाम होतो. डॉक्टरांकडं न्या.

कपड्यांवरून घराघरांत वाद होतो, म्हणून तेही बोलतो. अंगालगत कपडे घालतात ते वाऱ्यासाठी आणि जिवासाठी. ओढणी किंवा सैल पायजम्याची कड चेनमध्ये गेली तर मुलगी तोंडावर पडते. संपूर्ण पाय झाकणारी घट्ट पँट घालूनही शर्यत करता येते, तेवढ्यावरून सासुरवाडी-माहेरचे चार लोक काय म्हणतील याची काळजी नको.

नाव नोंदवताना हमीपत्रावर आईबापांची सही मागतात. सही करायच्या आधी संयोजकांना विचारा: मुलींचा गट वेगळा आहे का, रस्ता वाहनांना बंद ठेवणार की तसाच, रुग्णवाहिका कुठं उभी असेल, शेवटच्या मुलीच्या मागं गाडी असेल का, कपडे बदलायला आणि लघवीला जागा आहे का. मुलींचं बक्षीस मुलांएवढंच आहे का, हेही विचारा, संकोच करू नका. हेल्मेटशिवाय सोडणार असतील तर लेकीला घेऊन परत या. आणि एकट्या मुलीला पाठवण्यापेक्षा गटातल्या दोघींनी सोबत जा. एकीनं पाण्याची बाटली धरायची, दुसरीनं पिशवी सांभाळायची.

जाताना पिशवीत चार सेफ्टी पिना टाका. नंबरचा कागद पाठीवर लावायला त्या लागतात, आणि ऐनवेळी मिळत नाहीत.