वीज आली, राऊटर अजून यायचाय

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या जुन्या घरांत कावेरीचं पाणी आधी जमिनीखालच्या हौदात, म्हणजे ‘संप’मध्ये उतरतं आणि मग मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढतं. टाकी भरून वाहू लागली, की ते शेजाऱ्यांना आधी कळतं, घरच्यांना मागाहून. हौशी इंजिनिअरांच्या या शहरात अशा टाकीवर पाण्याची पातळी पाहायला कुणी ना कुणी ईएसपी८२६६ बसवणारच होतं.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही वाय-फाय चिप. कंपनी २००८ मध्ये टिओ स्वी आन या सिंगापूरच्या इंजिनिअरनं काढली. आज तिचं एक केंद्र पुण्यातही आहे. २०१४ मध्ये आठ पिनांच्या ईएसपी-०१ मॉड्यूलवर ही चिप जगभरच्या हौशी लोकांच्या हाती पडली. किंमत नगण्य, माहितीपत्रक चिनी भाषेत. दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरला वाय-फाय पुरवायचं, एवढंच तिचं काम मानलं जाई. पण तिच्यात ८० मेगाहर्ट्झचा स्वतःचा प्रोसेसर होता, म्हणजे मालकाची गरजच नव्हती! २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी३२ मध्ये दोन कोअर आणि ब्लूटूथही आलं. बेंगळुरूत दोन्ही एस. पी. रोडवरच्या दुकानांत मिळतात.

सुरुवातीला ईएसपी८२६६ शी बोलायचं ते ‘एटी’नं सुरू होणाऱ्या आज्ञांतून. हीच पद्धत १९८१ च्या हेझ मोडेमची. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलेल्यांना ती आठवत असेल. आता प्रोग्रॅममध्ये नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड लिहिला, की एका ओळीत जोडणी सुरू होते. त्या ओळीमागे चिप चॅनल धुंडाळते, पासवर्ड ठाऊक असल्याचं तो न उच्चारता सिद्ध करते आणि मग राऊटरकडून आयपी पत्ता मागून घेते.

पासवर्ड प्रोग्रॅममध्ये कोंबणं मात्र आळशीपणाचं. राऊटर बदलला, की शिडी लावून गच्चीवर चढा. त्यापेक्षा चिपलाच तात्पुरतं नेटवर्क उभारू द्यावं. फोन त्याला जोडून १९२.१६८.४.१ हे पान उघडायचं आणि घरचा पासवर्ड तिथं भरायचा.

अडचणी येतात त्या भलत्याच ठिकाणी. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झच चालू असेल तर ती बिचारी शोधतच राहते. तिला ३.३ व्होल्ट लागतात, आणि संदेश पाठवताना ती क्षणभर दीडशे मिलिअँपिअरच्या वर विजेचा घोट घेते. पुरवठा दुबळा असला, की चिप पुन्हा पुन्हा रीसेट होते आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. जवळ एक कपॅसिटर लावला, की बरेचदा भागतं.

खरी परीक्षा वीज जाऊन परत आल्यावर. चिप लगेच जागी होते. राऊटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात. शिकाऊ नमुना प्रोग्रॅममध्ये ‘जोडणी होईपर्यंत थांब’ असं आवर्तन असतं. टेबलावर ते बरोबर. टाकीवर त्याचा अर्थ असा, की राऊटर येईपर्यंत पाण्याची पातळी कुणीच पाहत नाही. त्या दिवशी इंटरनेटवाल्यानं राऊटरच काढून नेला असेल, तर रात्रभर कुणी पाहत नाही.

म्हणून जाणती माणसं जोडणीचा प्रयत्न बाजूला चालू ठेवतात, दर खेपेला मधलं अंतर वाढवत, आणि पातळी मोजून मोटर बंद करण्याचं काम वाय-फायवाचून चालेल असं लिहितात. फोनवरचा आकडा तासभर शिळा असला तरी चालतो. मोटरचा रिले मात्र पाणी काठाला येण्याआधीच सुटायला हवा.