वाळू सगळ्यांची, मग वाट कुणाची?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना समुद्र पहिल्यांदा दिसतो तो दादरच्या चौपाटीवर. विदर्भ-मराठवाड्यातून जनरल डब्यात उभ्याने आलेली माणसे अभिवादन झाले की वाळूत बसून शिदोरी सोडतात. तिथे तिकीट नाही, फाटक नाही. किनारा असाच सगळीकडे मोकळा असेल, असे आपण धरून चालतो.

रायगड जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही कामानिमित्त गेलो, तेव्हा मासे सुकवणाऱ्या एका आजींनी नवी भिंत दाखवली. "बंगला त्यांचा, कबूल. पण आमची वाट कुठं गेली?" पूर्वी पाच मिनिटांत वाळूवर पोचणाऱ्या बाया आता डोक्यावर टोपली घेऊन मोठा वळसा घालतात.

किनारा कुणाचा, हे कायद्यात स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालची समुद्राची आणि खाडीची जमीन शासनाची. बंगला असो की रिसॉर्ट, त्याचा सातबारा तिथवर पोचत नाही. शासनही तिचे मन मानेल तसे मालक नाही. समुद्रकिनारा, नद्या, जंगले यांचे शासन विश्वस्त आहे, त्यांची खासगी मालमत्ता करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सांगितले.

अडचण वाळूची नाही, तिथवर नेणाऱ्या वाटेची आहे. ती जाते खासगी जमिनीतून. जमीन विकली जाते, नवा मालक कुंपण घालतो आणि सातबाऱ्यावर पायवाट बहुधा नसतेच. सीआरझेडच्या नियमांत दोन किनारी हॉटेलांमध्ये लोकांना जाण्यासाठी किमान २० मीटर मोकळी जागा सांगितली आहे. बंगलेवाला म्हणतो, मी हॉटेल थोडेच चालवतो!

हॉटेलवाले तरी पाळतात का? गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर सरकारने हॉटेलसाठी जमीन संपादित करून दिली, तेव्हा लोकांची वाट खुली ठेवण्याची अट करारातच होती. तरीही वाट अडली. रहिवासी वर्षानुवर्षे लढले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. त्याच वर्षी राज्य सरकारने भूसंपादन कायदाच दुरुस्त करून हॉटेलच्या बांधकामाला संरक्षण दिले.

मालकीचा कागद पुढे करून वाट अडवणे आपल्याला नवीन नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर त्याच डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी दावा लावला, की तळे खासगी आहे. मनाई हुकूम मिळाला आणि पाण्याचा दुसरा सत्याग्रह स्थगित करावा लागला. बाबासाहेबांनी तो दावा जवळजवळ दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले. ना मालकी ठरली, ना मज्जाव करण्याची अनादी रूढी. तिथे जात आडवी होती, इथे पैसा आहे. दोन्ही एकच म्हणायचे नाही, पण कोर्टात पुरावा लागतो हे दोन्हीकडे खरे.

म्हणून भिंत दिसताच निवेदने देत बसू नये. शेतीच्या किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट अडली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. मुदत गेली की दिवाणी न्यायालय. तिथे सुविधाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे २० वर्षांची अखंड, उघड वहिवाट दाखवावी लागते. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढावी. सातबाऱ्यावर नसलेली वाट कधी कधी त्यावर तुटक रेषेने सापडते.

आजींच्या गावात आम्ही पोचलो, तेव्हा भिंतीला आठ महिने झाले होते. नक्कलेसाठी अर्ज केला आहे. साठीच्या पुढच्या चार बाया साक्ष द्यायला तयार आहेत.